गॅदरिंगमधली टोपी

वर्ध्यात शाळा बर्फाने बंद पडत नाहीत, उन्हाने पडतात. थंडी हाच इथे शाळेचा सणासुदीचा काळ. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग संक्रांतीचा तिळगूळ, २६ जानेवारीची कवायत आणि त्याच्या आगेमागे स्नेहसंमेलन, म्हणजे सगळ्यांचं गॅदरिंग.

त्यात राष्ट्रीय एकात्मतेचा एक नाच बहुतेकदा असतोच. एका मुलाला टोपी घालायची, गालावर काजळाने दाढी काढायची आणि सलाम करत उभं करायचं. हेतू वाईट नसतो, मान्य. पण मुसलमान म्हणजे एवढंच, हे बघणाऱ्या पोरांच्या मनात बसतं. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांच्याही.

याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. सात वर्षांचं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हातकामातून, ही नई तालीमची योजना त्या समितीने मांडली. देशभर ती ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखली गेली. पुढे १९६७मध्ये झाकीरसाहेब राष्ट्रपती झाले. आमच्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

गुरुजी, यंदा या परिषदेवर एक नाटुकलं बसवा. कोण कोणाचं काम करणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या एखाद्या मुलीच्या वाट्याला गांधीजी आले तर येऊ द्या. आणि पालकहो, अंधार लवकर पडतो म्हणून तिला घरी बसवू नका. तालीम दुपारी घ्या, असं शाळेला सांगा.