मुकी-बहिरी टपालपेटी

आमच्या कॉलेजचा ई-मेल सर्व्हर दोन दिवस मुका-बहिरा होऊन बसला. पत्र जाईना, येईना. आणि एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचे पत्र वाटेत! जो तो पंचवीस नंबरच्या पोर्टाला दोष देऊ लागला. पण इंटरनेट कंपनीने त्यातून बाहेर जाण्याची वाट अडवली, तरी येणारे टपाल येतेच. दोन्ही वाटा एकदम बंद, म्हणजे दुखणे बहुधा घरातलेच. तंत्रज्ञ पोराने डिस्क पाहिली, तो जुन्या नोंदींनी काठोकाठ भरलेली! (आमचा माळाच म्हणा ना.) जॉन पोस्टेल यांच्या १९८२ च्या टपालनियमांत 'तूर्त जागा नाही' असे कळवायला ४५२ हा आकडा आहे. तो ऐकून पाठवणारा सर्व्हर रागावत नाही, पुन्हा दार ठोठावतो. अडगळ निघाली. मुदत शुक्रवारची, पत्र गुरुवारी रात्री आले.