उभ्या गाडीचा क्लच



गळीत हंगाम आटोपला की ट्रॅक्टर धुवायचा, शेडमध्ये लावायचा, वर ताडपत्री टाकायची आणि दसऱ्यापर्यंत तिकडे फिरकायचे नाही, ही आपल्याकडची रीत. याला आपण यंत्र जपणे म्हणतो. आम्हाला हे मान्य नाही. चालून जेवढे झिजत नाही तेवढे यंत्र उभे राहून बिघडते, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि त्याचा दाखला आम्ही या खेपेला थेट मुंबईतल्या माहीमहून आणला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची एक फांदी मुंबईत आहेच. आपल्या एका सभासदांचे थोरले बंधू माहीमला राहतात. त्यांची मारुती ८०० मार्च २०२० च्या टाळेबंदीत इमारतीच्या आवारात उभी राहिली, ती तीन पावसाळे तिथेच. माहीमला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तिथली खारी, ओली हवा खिडकीच्या गजांनासुद्धा सोडत नाही, तर गाडीची काय कथा! नवी बॅटरी घातली, जुने पेट्रोल काढून टाकले, इंजिन लागले. पण गिअर काही पडेना, नुसता खर्रर्र आवाज. पेडल नेहमीसारखे खाली जातेय, केबलही शाबूत, तरी आत क्लच सुटतच नाही. जवळच्या एका मेस्त्रीने बघताक्षणी सांगून टाकले, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सगळे सामान नवीन."

आता आत होते काय, ते बघा. क्लचची प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट या दोन लोखंडी तोंडांमध्ये स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब निघतो आणि प्लेट मोकळी होते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ओलाव्याने लोखंडाला गंज चढतो आणि प्लेटचे लायनिंग त्या गंजाला पापडासारखे चिकटते. मग पेडल दाबून दाब काढला तरी चिकटलेले सुटत नाही. म्हणजे पुष्कळदा मोडलेले काहीच नसते. आमचा आक्षेप आहे तो इथे. साधे उपाय करून बघण्याच्या आधीच गाडी खोलायला का निघायचे?

माहीमच्या गृहस्थांनी घाई केली नाही. आधी ब्रेक दुरुस्त करून घेतले. हे फार महत्त्वाचे, कारण उभ्या गाडीचे ब्रेकही धड नसतात आणि पुढचा सगळा खेळ ब्रेकच्या भरवशावर असतो. मग पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची फळी अडकवली आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अर्धा तास इंजिन चालवले, चांगले गरम होऊ दिले. (हे उघड्यावर करायचे. बंद गॅरेजमध्ये धूर जीव घेतो.) नंतर इंजिन बंद करून सर्वांत वरचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून स्टार्टर दोन-तीन सेकंद मारला. वरच्या गिअरमध्ये चाकापर्यंत जोर कमी पोचतो, म्हणून ब्रेक गाडी धरून ठेवतो आणि पीळ सगळा त्या चिकटलेल्या प्लेटवर येतो. गाडीच्या पुढेमागे कोणालाही उभे राहू दिले नाही. दोन-चार वेळा करून थांबायचे, स्टार्टरला विश्रांती द्यायची, रात्री पुन्हा फळी. चौथ्या सकाळी आतून 'टक्' असा आवाज आला आणि क्लच सुटला.

दरवेळी असे होईलच असे नाही. लायनिंगच उखडून आले किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर प्लेट गंजून बसली, तर खोलण्यावाचून इलाज नाही. पण कोणी शहाणा क्लचमध्ये डिझेल किंवा रॉकेल सोडू म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका. लायनिंगला तेल लागले की चिकटलेला क्लच सुटेल, पण मग तो घसरायला लागेल.

याच खाऱ्या हवेत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावल्या. त्यातली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. पत्रे सडले, सीटा फाटल्या, क्लच प्लेटाही झिजून बदलल्या असतील. पण रोज शेकडो वेळा दाबला जाणारा क्लच गंजून चिकटेल कसा?

आता आपल्या ट्रॅक्टरकडे येऊ. मोटारीचा गिअरबॉक्स खालून उतरतो. ट्रॅक्टरचा क्लच बघायचा तर आख्खा ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो, तोही ऐन तोडणीच्या तोंडावर, जेव्हा मेस्त्री हाताला लागत नाही. खर्चाचे एक वेळ सोडा, जिवाचे काय? आपल्याकडे सेफ्टी स्विच वायरने जोडून टाकण्याची आणि खाली चाकाजवळ उभे राहून स्टार्टरवर पान्हा टेकवून ट्रॅक्टर चालू करण्याची वाईट खोड आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असला, तर तो चालू होताक्षणी सुटतो आणि मागचे चाक आधी चालू करणाऱ्याच्याच अंगावर येते. वरून उडी मारून क्लच दाबू म्हणाल, तर चिकटलेला क्लच दाबून उपयोग तो काय? माहीमच्या मोटारीला पुढे भिंत तरी होती. आपल्या शेडसमोर पोरे खेळत असतात.

म्हणून ज्याचा ट्रॅक्टर वा जीप पावसाळाभर उभी राहणार, त्याने मृगाच्या आधी पेडल पूर्ण दाबून त्याला लाकडाची खुंटी मारावी किंवा ते दोरीने बांधावे. काही ट्रॅक्टर कंपन्यांनी आपल्या पुस्तिकेत हेच लिहिले आहे, पण पुस्तिका वाचतो कोण! पंधरा दिवसांनी एकदा सीटवर बसून इंजिन चालू करावे, क्लच दहा-वीस वेळा दाबून सोडावा, शेडबाहेर एक फेरी मारावी आणि परत खुंटी लावावी. पेडल बांधले आहे हे चिठ्ठीवर लिहून ती स्टिअरिंगला अडकवावी, म्हणजे घरातला दुसरा कोणी आला तरी त्याला कळेल.