परवानगीत अडकलेले पाणी



ऊसनोंदीसाठी गटात गेलो की आम्हांला एक सवाल हमखास ऐकू येतो. "साहेब, सूरजागडचा डोंगर फोडायला परवानगी मिळते, मग धरणालाच का नाही?" सवाल रास्त आहे, उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

1980 साली वनसंवर्धन कायदा आला. तेव्हापासून वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची पूर्वसंमती लागते. पुढे 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने वनाची व्याख्या रुंद केली. मालकी कोणाचीही असो, कायदा लागू झाला. गडचिरोलीची तीन चतुर्थांश भूमी जंगलाची. त्यामुळे तुलतुली, कारवाफा, चेन्ना ही धरणे रखडली. चंद्रपूरच्या हुमन प्रकल्पाला तर ताडोब्याच्या वाघाचाही प्रश्न आडवा आला.

आता सूरजागड. तेथे 2007 साली सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला, पण सलग खोदकाम सुरू व्हायला 2021 उजाडले. अनेक ग्रामसभांनी विरोध केला. म्हणजे खाणीलाही वाट सोपी नव्हती. फरक इतकाच की खाणीच्या कागदामागे पैसे भरणारा आणि पाठपुरावा करणारा धनी होता. धरणाच्या फायलीला वाली नसतो. शिवाय धरण नुसती झाडे बुडवत नाही, गावेही बुडवते.

म्हणून कायदाच मोडीत काढा, असे आम्ही म्हणणार नाही. जंगल गेले तर नदीला पाणी कोठून येणार? पण निर्णयाला मुदत हवी. नाही म्हणायचे तर नाही म्हणा, पण वेळेत म्हणा. चाळीस-चाळीस वर्षे लोंबकळत ठेवल्याने ना जंगलवाल्याला निवांतपणा, ना शेतकऱ्याला पाणी. खर्च तेवढा फुगत जातो.

तोवर हातपाय गाळून बसायचे कारण नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारी देखभालीचे तळे, पाणी साठवण्याचे काम किंवा छोटा पाट एक हेक्टरपेक्षा कमी वनजमिनीत बसत असेल आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे पडत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर उपवनसंरक्षकांच्या पातळीवर मंजुरी मिळते. दिल्ली गाठावी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव नीट करून घ्या. पूर्व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव गाळाने भरलेत. नव्या धरणाआधी त्यांचा गाळ निघायला हवा.

आणि शेवटचे. ऊस हे बारमाही पाण्याचे पीक आहे. कागदावरच्या धरणाच्या भरवशावर लागण करू नका. विहिरीत उन्हाळ्यात किती पाणी टिकते ते बघा, ठिबक जोडा, आणि पुरेल तेवढ्याच क्षेत्राची नोंद द्या. दोन एकर वाळलेल्या उसापेक्षा एक एकर भरलेला ऊस सभासदालाही परवडतो आणि कारखान्यालाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग