तीन मंडप

परवा जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमध्ये गेलो. सेंट कॅथरिनची सोनेरी वेदी दिसताच मी फोटोसाठी मोबाइल काढला. सोबतचा मित्र मात्र गुडघे टेकून गप्प होता. महिन्यापूर्वीच त्याचे वडील गेले होते. मला लाज वाटली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावर येशूचा चेहरा सूर्यासारखा झळकतो, तर पेत्र लगेच तीन मंडप बांधायला निघतो! आम्हा इंजिनिअरांसारखाच, काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. तेवढ्यात मेघातून वाणी येते आणि शिष्य भीतीने पालथे पडतात. मग येशू जवळ येतो, हात लावून उठवतो. विश्वरूप पाहून थरथरलेल्या अर्जुनालाही धीर आला तो कृष्णाच्या ओळखीच्या रूपानेच.

मोबाइल खिशात ठेवला आणि मित्राशेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोललो काहीच नाही.