तिसरा बोअर घेतला नाही, त्याचं कारण

यंदा बोअर का घेतला नाही हे पारावर सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझी पुतणी बनारसला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भूभौतिकी, म्हणजे जिओफिजिक्स. जमीन न खोदता खाली काय आहे ते वीज सोडून, हादरे मोजून, गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून ओळखायचं. बारावीच्या मार्कांवर शिष्यवृत्ती लागली, तिच्यावरच शिकते. खरं तर आमच्या भागात हा विषय कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आम्ही बघितलीय. किल्लारीला त्यानंतर शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतला, तेव्हा कुठं 338 मीटरवर काळा पाषाण संपून खालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे अकराशे फूट नुसता आपला काळा पाषाण! तरी पाहुणे विचारतात, "मास्तरीण होणार का?"

या जूनपासून तिची शिष्यवृत्ती अडकली. एक शिक्का राहिला म्हणे. मेसचं बिल, खोलीभाडं, प्रोजेक्टचा खर्च, पुढच्या प्रवेश परीक्षांच्या फिया, सगळं एकदम अंगावर आलं. भाऊ म्हणाला, पदवी होतेच आहे, नंतरचं बघू. आणि माझ्याकडं बोअरसाठी बाजूला काढलेले एक लाख वीस हजार होते. आधीचे दोन बोअर कोरडे. एक 400 फूट, एक 520. दोन्ही जागा पाणाड्यानं दाखवलेल्या, एकदा नारळावर, एकदा उंबराच्या बेचकीवर. त्या पैशाचा हिशेब बायकोसमोर काढत नाही.

दिवाळीला पुतणी आली ती नांदेडच्या एका सरांकडून चार दिवसांसाठी मशीन घेऊन. प्रोजेक्टसाठी आपलंच रान निवडलं होतं तिनं. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं, त्यामुळं 400 मीटर सरळ ओळ मिळाली. शेजारच्या दोघांच्या रानातून वायर न्यावी लागली, ते त्यांनी मोठ्या मनानं जाऊ दिलं.

काम असं असतं. जमिनीत लोखंडी सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा, मधल्या दोनमध्ये किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. बाहेरच्या सळ्या जसजशा लांब न्याव्या तसा करंट खोल जातो. लांबी ताणाल त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतक्या खोलीचा साधारण अंदाज येतो. वरची माती सुकलेली असली तर सळीपाशी मिठाचं पाणी ओतायचं. तारेच्या कुंपणापासून, लोखंडी पाइपलाइनपासून लांब राहायचं, नाहीतर आकडा खोटा येतो. सळ्या ठोकायला मी होतो. हात सोलले.

भरीव काळा पाषाण करंटला अडवतो, आकडा शंभराच्या वर जातो. भेगाळलेला, पाणी धरलेला मांजऱ्या खडक असला तर साधारण 20 ते 40 ओहम-मीटर. काळ्या चिकट मातीचा आकडा त्याहून कमी येतो. तो बघून पाणी आहे म्हणणारेही मशीनवाले असतात, त्यांच्यापासून जपा.

माझ्या रानात सहा फूट काळी, तीसेक फुटांपर्यंत मुरूम, आणि खाली आकडा चढतच गेला. ओढ्याच्या कडेला मात्र चाळीस फुटांच्या आतच 30 च्या आसपास. ती म्हणाली, "तात्या, खोल बोअर नका घेऊ. ओढ्याकडच्या जुन्या विहिरीचा गाळ काढा, ओढ्याचं पाणी तिथं मुरवा."

आता खरी अडचण सांगतो. जानेवारीत शेजाऱ्यानं माझ्या बांधापासून तीनशे फुटांवर पाणाड्याच्या सांगण्यावरून बोअर घेतला. दीड इंच पाणी लागलं. अजून चालू आहे. आख्ख्या गावानं मला हसून घेतलं. फोनवर तिला विचारलं तर म्हणाली, "मी आपल्या ओळीखालचं सांगितलं, त्यांच्या रानातलं मोजलंच नाही. पाषाणातली भेग चार हातांवर असली तरी आपल्या ओळीत दिसेलच असं नाही." आधी राग आला. नंतर वाटलं, जिथं मोजलं नाही तिथलं माहीत नाही म्हणणारा माणूस दोन बोअर आधी भेटायला हवा होता.

म्हणून माझं मत ठाम आहे, पंचेचाळीस हजार तिला दिले ते बरोबरच दिले. पोरगी शेवटच्या वर्षाला आली की घरच्यांना वाटतं शिक्षण संपलं, स्थळं बघायला लागतात. या विषयात तिथं अर्धी वाटच होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिओफिजिसिस्टच्या परीक्षेला बसायचं तर एम.एस्सी. लागते. तीन वर्षं सरकारच्या पैशावर शिकलेली पोर एका शिक्क्यापायी घरी बसवायची, आणि आपण परत उंबराची काडी धरून रानात फिरायचं?

कृषी सहायक, कृषी पदवीधर वाचत असाल तर एक विनंती. ठिबकचं, खताचं नियोजन करून देता तसं बोअरच्या आधी असं एक मोजमाप करायलाही सांगत जा. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणाची कचेरी असते, हे आमच्याकडं निम्म्यांना माहीत नाही. मलाही नव्हतं.

शिष्यवृत्ती अजून आलेली नाही. विहिरीच्या गाळासाठी होळीनंतर जेसीबी सांगितलाय, उरलेल्या पैशातून. पुतणी परीक्षा संपवून मेच्या शेवटी येणार आहे, ओढ्यापलीकडची ओळ मोजायची राहिलीय. त्या ओळीत ज्यांची रानं येतात त्यांनी उन्हाळी भुईमूग तेवढा आधी काढून घ्या. आणि सळ्या ठोकायला दोघं तरणी पोरं पाठवा, माझा खांदा गेलाय.