सराव परीक्षा मुलीची, तशीच घराचीही

हल्ली आमच्या मांडवीत, राजिवड्यात, अगदी खाडीपलीकडे भाट्यातसुद्धा एखादी तरी मुलगी जर्मन शिकताना भेटते. कुणी नर्सिंग केलेली, कुणी हॉटेलचा कोर्स केलेली, तर कुणी नुकतीच बारावी झालेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि १०,००० जणांचा आकडा पेपरात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतातल्या कुशल लोकांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून हळदीकुंकवालाही जर्मनीचा विषय निघतोच.

पण मैत्रिणींनो, आकडे कितीही मोठे असले तरी दारात भाषेची परीक्षा उभी आहे. ए-१, ए-२ या पहिल्या पायऱ्या. त्यानंतरची बी-१, म्हणजे मधली पायरी. जर्मनीत शिकता शिकता काम करण्याच्या अनेक अभ्यासक्रमांना निदान बी-१ लागते. नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर सहसा त्याच्याही पुढची, बी-२. क्लासची फी, परीक्षेची फी, पुण्या-मुंबईची खेप आणि तिथला मुक्काम धरला तर खर्च हजारोंच्या घरात जातो. काही घरांत त्यासाठी दागिना गहाण पडतो. म्हणून ही परीक्षा आहे तरी कशी, हे मुलीइतकंच आईलाही ठाऊक असायला हवं.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनच्या, बी-१ परीक्षेचे चार भाग असतात. वाचन ६५ मिनिटं, ऐकणं साधारण ४०, लेखन ६० आणि बोलणं साधारण १५ मिनिटं. प्रत्येक भाग १०० गुणांचा आणि प्रत्येकात ६० मिळवायलाच हवेत. वाचनातल्या ९० गुणांनी बोलण्यातले ५० भरून निघत नाहीत. दिलासा एवढाच, की एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

याच परीक्षेचे नमुना संच, ऐकण्याच्या ध्वनिफितींसह आणि उत्तरांसह, इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तेव्हा 'आमच्याकडेच खरे पेपर' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर आधी हे संच सोडवून झालेत का ते मुलीला विचारा. आणि दहा संच नुसते उरकण्यापेक्षा दोनच नीट सोडवलेले बरे. नीट म्हणजे घड्याळ लावून, मोबाइलवर शब्द न शोधता, आणि चुकलेलं प्रत्येक उत्तर का चुकलं ते वहीत लिहून. शब्द माहीत नव्हता, की प्रश्न अर्धवट वाचला, की वेळ पुरला नाही? तिन्हींवरचा इलाज वेगवेगळा आहे.

इथेच घराचा प्रश्न येतो. आमच्या मंडळात येणाऱ्या मुलींना मी विचारलं, "सराव पेपर सलग सोडवता का गं?" एकीने हसून सांगितलं, "काकू, सलग कुठलं? मध्ये दूध उतू जातं, पाणी येतं, पाहुणे येतात." भाऊ दहावीला असला की घरातला टीव्ही बंद होतो. मुलगी जर्मनच्या पेपरला बसली की तिला चहा टाकायला उठवतात. ऐकण्याच्या परीक्षेत चार भागांपैकी दोन एकदाच ऐकवतात. नेमकं त्याच वेळी "अगं, जरा बघ कोण आलंय" अशी हाक गेली, तर तो सराव फुकटच गेला म्हणायचा. वाचन, ऐकणं, लेखन मिळून पावणेतीन तास होतात. आठवड्यातून एकदा तेवढा वेळ मुलीला कुणीही हाक मारायची नाही, एवढं घराने ठरवायला काय हरकत आहे? याला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ही परीक्षा मुलीला तिचं मत विचारते. लेखनात एका चर्चेच्या विषयावर साधारण ८० शब्दांत स्वतःचं मत मांडायचं असतं. बोलण्याची परीक्षा सहसा जोडीने होते. दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा, तोही समोरचा म्हणेल त्याला नुसतं 'हो हो' न करता. "मला तसं वाटत नाही, कारण..." हे म्हणता यायला हवं. मग एका विषयावर आपले अनुभव आणि फायदे-तोटे सांगायचे, आणि वर जोडीदाराच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

आमच्या पोरी अडतात त्या इथे. व्याकरण पाठ असतं. पण 'मुलांना मोबाइल द्यावा का' असं विचारलं की मान खाली जाते. मराठीत विचारून बघितलं तरी तेच! ज्या घरात मुलीने मत दिलं की "तुला काय कळतंय" म्हणतात, त्या घरातली मुलगी परक्या माणसासमोर परक्या भाषेत मत कुठून आणणार? म्हणून बोलण्याचा सराव आधी घरातच, मराठीत होऊ द्या. जेवताना एक विषय घ्या, तिला तीन मिनिटं मध्ये न तोडता बोलू द्या. नंतर तेच ती जर्मनमध्ये मैत्रिणीला सांगेल. आपल्याला जर्मन येत नाही म्हणून आपला उपयोग नाही, असं मुळीच नाही.

खरं तर मराठी मुलीला या भाषेची धास्ती वाटायचं कारण नाही. आपल्यासारखीच तिथे तीन लिंगं आहेत. शब्दांची लिंगं आपल्याशी जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतात. पण टेबलाला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही. 'कारण' या अर्थाचा 'वाईल' आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, आणि आपलं तर नेहमीच तिथे असतं. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं त्यांचं 'डू' आणि 'झी'. लेखनात एक पत्र मैत्रिणीला असतं आणि एक शिक्षक किंवा साहेबांसारख्या कुणाला. तिथे अदलाबदल झाली की गुण जातात. पण कुणाला 'अगं' म्हणायचं आणि कुणाला 'अहो', हे आपल्या मुलींना कुणी शिकवावं लागत नाही!

आणखी एक. सरावात चारही भागांत सातत्याने ७०-७५ पडू लागेपर्यंत फॉर्म भरायची घाई करू नका. 'शेजारची गेली, आपली कधी?' या ईर्ष्येपायी बुडते ती फी आपलीच असते. आणि उद्या जर्मनीला जाणं जमलं नाही, तरी स्वतःचं मत कारणासकट मांडायची सवय वाया जाणार नाही. इथल्या बँकेत, ग्रामसभेत आणि सासरीही तिचा उपयोग होईलच.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या लेकीला, सुनेला तो पावणेतीन तासांचा वेळ द्या. दारावरची बेल वाजली तर आपण उठू.