किती निघालं, की कशामुळे झालं?

‘छातीत पाणी झालं होतं, मुंबईला जाऊन काढून आणलं.’ बोर्ली पंचतनसारख्या गावात एवढे सांगितले की विषय मिटतो. ऐकणारा फार तर ‘किती लिटर निघालं?’ म्हणून विचारतो. पण छातीत पाणी होणे हा मुळात आजारच नव्हे, तो दुसऱ्या कशाचा तरी परिणाम.

फुप्फुसाभोवतीच्या दोन पातळ आवरणांमध्ये वंगणापुरते दोन-चार चमचे पाणी असतेच. प्यायलेल्या गार पाण्याशी त्याचा संबंध नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत बिघडले, न्यूमोनिया किंवा कर्करोग झाला की ते साठते. तरुण माणसाच्या एकाच बाजूला साठले, सोबत बारीक ताप असला, वजन उतरले, तर आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा.

घोळ होतो तो इथेच. सुईने पाणी काढले की दम हलका होतो आणि चाकरमानी कामावर रुजू होतो. क्षयाचे पाणी औषधाविनाही पुष्कळदा आटते. क्षय मात्र आत दबा धरून बसतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत, औषधाविना राहिलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना पुढे क्षयाने गाठले होते. थुंकी तपासून काही निघाले नाही, यावरही विसंबता येत नाही. या प्रकारात थुंकीत जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत. म्हणून काढलेले पाणी प्रयोगशाळेत गेलेच पाहिजे. क्षय ठरला तर साधारण सहा महिन्यांची औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात, पोषणासाठी महिना हजार रुपयेही.

पाण्याऐवजी हवा साठली तर मात्र इतकी सवड नसते. माडा-पोफळीवरून पडून मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसते, नाहीतर उंच, शिडशिडीत, सिगारेट ओढणाऱ्या पोराच्या फुप्फुसावरचा फुगा आपोआप फुटतो. एकाएकी कळ, लगोलग दम. तिथे शेकत, तेल चोळत बसू नये. १०८ला फोन लावावा. डॉक्टरने छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकले, तर पाण्यावर ठप्प आवाज येतो, हवेवर पोकळ. त्याला ना यंत्र लागते, ना वीज.

तेव्हा पाणी काढणाऱ्या डॉक्टरांना ‘किती निघालं?’च्या आधी ‘कशामुळे झालं?’ हे विचारावे, आणि तपासणीचा कागद हातात घेऊनच गावची एसटी धरावी.